रक्तदात्याला आधी कळवायचं की आधी खात्री करायची?

घणसोलीकर
गणपतीतल्या शिबिरात आमच्या मंडळातल्या २३ वर्षांच्या पोराने पहिल्यांदा रक्त दिलं. आठव्या दिवशी रक्तपेढीतून फोन आला, 'एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव्ह आहे, येऊन भेटा.' म्हणजे पहिल्या चाचणीत संसर्गाची शंका. पोरगं तेव्हा ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं. पुढचे नऊ दिवस त्याला जेवण गेलं नाही, घरी सांगायची हिंमत झाली नाही. शेवटी सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) तपासलं, निगेटिव्ह! दुसऱ्या किटवर खात्री झाल्याशिवाय दात्याला फोन करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

रबाळे_लॅब
दादा, पोराचं फार वाईट वाटलं, पण मागणी पटत नाही. मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. आमची एलायझा, म्हणजे रक्तातला संसर्ग शोधणारी चाचणी, रक्ताच्या पिशवीसाठी असते. बाधित पिशवी सुटू नये म्हणून ती अतिसंवेदनशील ठेवलेली असते, शंका आली की पिशवी बाद. माणसाचं निदान आयसीटीसीत होतं, नव्या नमुन्यावर, त्याची संमती घेऊन. त्याला बोलावल्याशिवाय नमुना आणायचा कुठून?

घणसोलीकर
पिशवीबरोबरच्या ट्यूबमधूनच दुसरं किट लावा की! हिशोब बघा. समजा किट हजार निरोगी माणसांत पाच जणांना चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दाखवतं आणि हजारात खरे बाधित दोन. म्हणजे सातपैकी पाच फोन निरोगी घरांत जातात.

रबाळे_लॅब
आणि दुसरं किट निगेटिव्ह आलं म्हणून गप्प बसायचं? संसर्ग अगदी ताजा असला तर एक किट पकडतं, दुसरं सोडतं. त्याची बायको गरोदर असली तर?

कळव्याची_माई
मी रबाळेंच्या बाजूने. माझ्या मिस्टरांनी रक्त दिलं, त्यातला हिपॅटायटीस सीचा (लिव्हरच्या संसर्गाचा) निकाल आमच्यापर्यंत आलाच नाही. फॉर्मवर जुना पत्ता होता, कोणी पाठपुरावा केला नाही. तीन वर्षांनी पोटात पाणी झालं तेव्हा कळलं. या आजारावर आता गोळ्या आहेत, बहुतेकांना १२ आठवडे पुरतात, २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फुकट मिळतात. चुकीच्या फोनने नऊ दिवस गेले, न आलेल्या फोनने आमचं लिव्हर गेलं.

घणसोलीकर
माई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी फोनवर आजाराचं नाव घ्यायचं कारण काय होतं?

रबाळे_लॅब
काहीच नाही. ती चूकच. 'एक चाचणी पुन्हा करावी लागेल, समक्ष या' एवढंच सांगायचं, बाकीचं समुपदेशकाने समोर बसवून. फॉर्मवर 'दोष आढळल्यास कळवावे का' असा रकानाही असतो. मांडवातल्या गडबडीत तो कोणी वाचत नाही, आणि आम्हीही वाचून दाखवत नाही.

घणसोलीकर
दुसऱ्या किटचा हट्ट मी सोडलेला नाही. पण शिवजयंतीच्या शिबिराला परवानगी देण्याआधी रक्तपेढीला लेखी विचारणार, फोन कोण करतं आणि काय बोलतं. रकाना मी स्वतः माइकवर वाचून दाखवेन.