सुट्टीतलं वाचन : तक्ता लावावा का?

नमस्कार मंडळी,

सुट्ट्या लागायला दोन आठवडे उरलेत. मुलगी दुसरीत आहे. शाळेच्या भाषेतलं वाचन ठीक चाललंय, पण मागच्या सुट्टीनंतर मराठीतली जोडाक्षरं पार विसरून बसली होती. यंदा तसं व्हायला नको म्हणून फ्रिजवर तक्ता लावायचं डोक्यात आहे. एक पुस्तक वाचलं की एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की खेळणं. कोणी केलंय का असं? किती पुस्तकं धरावीत?

– दुसरीतल्या मुलीची आई

*

ताई, केलंय आणि फसलंय.

थोरला तिसरीत असतानाची गोष्ट. चार दिवसांत नऊ चांदण्या! आम्ही खूश. मग कळलं की पठ्ठ्या सोफ्यामागे बसून धाकटीची पुस्तकं उरकतोय, पानाला एक ओळ असलेली. खेळणं हातात पडलं आणि त्या सुट्टीतलं वाचन तिथेच थांबलं. त्याला तरी काय बोलणार? आम्ही पुस्तकं मोजत होतो, त्याने मोजून दिली.

नंतर कुठेतरी मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांच्या १९७३च्या प्रयोगाबद्दल वाचलं. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना ‘चित्र काढलंस तर बक्षीस’ असं आधीच कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळू लागली. ज्यांना अवचित बक्षीस दिलं, त्यांचं तसं झालं नाही. तेव्हा खेळणं द्यायचं तर द्या, पण कबूल करू नका.

आकडाच हवा असेल तर बारा. अमेरिकेत रिचर्ड ॲलिंग्टन यांच्या गटाने प्राथमिकच्या मुलांना लागोपाठ तीन उन्हाळे बारा-बारा पुस्तकं दिली. पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांचं वाचन चांगलं निघालं. पण ती पुस्तकं मुलांनी स्वतः निवडली होती. माझ्या मते खरी मेख तिथे आहे, बारामध्ये नाही.

– सोफ्यामागच्या वाचकाचे बाबा

*

नमस्कार,

रविवारच्या वर्गात शिकवते म्हणून थोडं मराठीपुरतं.

आपली मुलं मराठी बोलतात वयाप्रमाणे, वाचतात मात्र दोन इयत्ता मागे. पालक दुसरीच्या मुलाला दुसरीचं पुस्तक देतात आणि मूल तिसऱ्या ओळीला जांभई देतं. एका पानावर पाच शब्दांना अडखळलं, तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचायचं नाही, तुम्ही वाचून दाखवायचं. बाजूला ठेवायचं मात्र नाही, कारण गोष्ट त्याला व्यवस्थित कळत असते.

सगळ्यात जास्त छळतो तो ‘र’. सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या: एकच अक्षर, चार सोंगं. मागे एकाने ‘डोंगर आणि दऱ्या’ असलेल्या ओळीत ‘दर्या’ वाचलं. आदल्या आठवड्यात कवितेत दर्या म्हणजे समुद्र हे शिकला होता, त्यामुळे लगेच प्रश्न, ‘डोंगरात समुद्र कुठून आला?’ मला तर हे अचूक वाचण्यापेक्षा जास्त आवडलं. असं मूल अडलं की तीन-चार सेकंद थांबा, मग शब्द सांगून टाका. ‘काल तर येत होतं!’ हे वाक्य सुट्टीभर बंद.

पुस्तकं मिळत नाहीत ही तक्रार दरवर्षी येते, म्हणून पुन्हा एकदा: ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५पासून मोफत आहे, मराठी गोष्टी चार पातळ्यांवर लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीपासून सुरू करा, कमीपणा मानू नका. जमलं तर छापून घ्या. पडद्यावर मुलं पानं सरकवतात, वाचत नाहीत.

– वर्गाच्या बाई

*

आमच्याकडची युक्ती सांगते. आजीला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून नात रोज व्हिडिओ कॉलवर तिला दहा मिनिटं वाचून दाखवते. आजी मधेच ‘काय गं? पुन्हा वाच बघू’ म्हणते, ती बिचारी पुन्हा वाचते. मी वाच म्हटलं असतं तर एवढ्यात भांडण झालं असतं.

(आजीला सगळं दिसतं. कृपया मुलांसमोर हा विषय काढू नये.)

– आजीची सून

*

सगळ्यांचे आभार. तक्ता रद्द.

आज लायब्ररीत मुलीलाच पुस्तकं निवडायला सांगितली. तिने एक अस्वलाचं उचललं, एक रेल्वे इंजिनाच्या भागांचं, आणि एक, जे गेल्या वर्षी तीनदा वाचून झालंय. ते परत ठेवायला मी हात पुढे केला होता, पण तुमच्या मेल आठवल्या आणि मागे घेतला. घरी येताना गाडीत तेच वाचत होती. मराठीसाठी तिच्या आजोबांचा चष्मा सोमवारपासून ‘हरवणार’ आहे, त्यांना तसं सांगून ठेवलंय.

चांदण्यांची दोन पाकिटं न फोडलेली पडून आहेत. कोणाला हवी असतील तर कळवा.

– दुसरीतल्या मुलीची आई