एचआरव्हीचा आकडा वय आणि बाई-पुरुष बघून वाचायचा की नाही?

शहापूरकर:
बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कट्ट्यावर हल्ली सीमाप्रश्न मागे पडलाय आणि घड्याळातला एचआरव्ही पुढे आलाय. एकाच्या २४ वर्षांच्या पोराचा आकडा ७०, बापाचा २२. बाप दोन दिवस गप्प. माझं म्हणणं सरळ आहे: वयाचा आणि बाई-पुरुषाचा तक्ता शेजारी नसेल तर हा आकडा दाखवूच नये.
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत. श्वास घेताना जरा भरभर, सोडताना सावकाश. दोन ठोक्यांतलं अंतर किती मिलिसेकंदांनी मागंपुढं होतं, ते एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी). ही ढील मुख्यतः व्हेगस नसेची, म्हणजे मेंदूकडून येऊन हृदयाला सावकाश करणाऱ्या नसेची, आणि वयाबरोबर तिचा ताबा सुटत जातो. १९९८ साली उमेतानी व सहकाऱ्यांनी १० ते ९९ वयाच्या २६० निरोगी माणसांच्या २४ तासांच्या नोंदी तपासल्या. आरएमएसएसडी, म्हणजे लागोपाठच्या अंतरांतल्या फरकाचं माप, पन्नाशीत निम्म्याखाली येतं आणि मग स्थिरावतं. एसडीएनएन, म्हणजे अख्ख्या नोंदीतल्या एकूण चढउताराचं माप, हळूहळू उतरत राहतं. तिशीच्या आत बायकांची मापं पुरुषांपेक्षा कमी, पन्नाशीनंतर तो फरक उरत नाही. हे सगळं निरोगी माणसांत. मग त्या बापानं धास्ती का घ्यायची?

निपाणीकर:
सपशेल असहमत. "वयानं होतंच" म्हणून आपण किती गोष्टी खपवायच्या? पूर्वी वरचा बीपी १०० अधिक वय असला तरी चालतो म्हणायचे. साठीच्या माणसाला १६० चालवून घेतलं, त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही दिलेल्याच अभ्यासात पुढं म्हटलंय, ते तुम्ही गाळलंत: पासष्टीपुढच्या निरोगी माणसांचे आकडेसुद्धा धोक्याच्या मानलेल्या रेषेखाली जाऊ शकतात. आणि धोका म्हणजे काय? १९८७ सालच्या क्लायगर यांच्या अभ्यासात हार्ट अटॅक येऊन गेलेले ८०८ रुग्ण होते. ज्यांचं एसडीएनएन ५० च्या खाली, त्यांचं मरणाचं प्रमाण १०० च्या वर असलेल्यांच्या पाचपट. तक्ता फक्त एवढंच सांगतो की तुमच्यासारखे पुष्कळ आहेत.

खानापूरची सून:
निपाणीकर, ते रुग्ण अटॅकनंतरचे, आणि नोंद होल्टरवर, म्हणजे अंगावर बांधून ईसीजी टिपणाऱ्या यंत्रावर, चोवीस तासांची. ती रेषा उचलून चालत्याबोलत्या माणसाच्या मनगटावर कशी लावता? आणि शहापूरकर, "बायकांचं कमी" हे अर्धंच झालं. २०१६ साली केनिग आणि थेयर यांनी ६३,६१२ लोकांची माहिती एकत्र केली. बायकांचे ठोके जलद, एसडीएनएन कमी. पण श्वासाबरोबर हलणारा, व्हेगसचा म्हणतात तो भाग बायकांत जास्त निघाला. म्हणजे कोण वरचढ हे मापावर ठरतं.
आता आमच्या घरातली गंमत. यांच्या हातात ॲपलचं घड्याळ, ते एसडीएनएन दाखवतं. माझ्याकडे गार्मिन, ते झोपेतलं आरएमएसएसडी. हे रोज चहाच्या वेळी आपला आकडा माझ्याशी ताडून बघतात आणि खूश होतात. मी सांगत नाही. शिवाय पाळीच्या आधीच्या दिवसांत पुष्कळ बायकांचा आकडा आपोआप उतरतो, ते कुठल्या तक्त्यात बसवणार?

वडगावकर:
काय ओ हे, येवढं पुराण कशाला? मी माझ्यापुरतं रोज बघूलालोय. लक्ष्मी यात्रेला गेलो, मटण हाणलं, वर दोन पेग, झोपलो दोनला. सकाळी आकडा निम्मा! थंडी-ताप आला तरी तसंच. आपल्या कालच्याशी आजचं बघायचं, दुसऱ्याच्या पोराशी कशाला ओ?

शहापूरकर:
वडगावकर, हे पटतं, पण पुरत नाही. घड्याळ घेतलं त्या दिवशी "काल" नसतो. पहिल्या महिन्यात माणूस घाबरतो, तेव्हा वयाचा पट्टा दिसला तर बिघडलं काय? सूनबाई, मापाचं नाव आकड्याशेजारी छापायलाच हवं, हे मान्य.

निपाणीकर:
घाबरणं जाऊ दे, उलटं बघा. सत्तरीतल्या माणसाचा आकडा अचानक ११० दिसतो, घरचे म्हणतात आजोबा पंचविशीतले. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके वेडेवाकडे पडतात, आणि घड्याळ त्यालाच भरघोस एचआरव्ही समजू शकतं. जास्तीचे ठोके पडत असले तरी आकडा फुगतो.

शहापूरकर:
मग हे तर माझ्या बाजूचं झालं! सत्तरीत ११० बसत नाही, हे तक्त्याशिवाय कसं कळणार?

निपाणीकर:
नाडीवर तीन बोटं ठेवून. आमच्या आजीला कळायचं. तुमच्या कट्ट्यावर कुणाचा असा आकडा असेल तर आधी ईसीजी काढायला सांगा, तक्त्याचं नंतर भांडू.