'इंटरमिटंट'ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दकोशात 'इंटरमिटंट'पुढे 'अधूनमधून होणारा', 'सविराम', 'खंडित' असे पर्याय सापडतात. यातला एकही सगळीकडे चालत नाही.

मामा अधूनमधून घरी येतो म्हटलं तर त्यात काही सुरू असून थांबलं असं नसतं. इंटरमिटंटमध्ये चालू असलेली गोष्ट मध्येच थांबते आणि पुन्हा सुरू होते. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थही 'मध्येच सोडणे' असाच आहे. 'खंडित'ने तर घोटाळाच होतो. 'वीजपुरवठा खंडित' वाचलं की वीज गेली, एवढंच कळतं. ती सारखी ये-जा करत असेल तर बातमीदार 'विजेचा लपंडाव' लिहितात, तेच बरोबर. पावसाला तर नेमका शब्द आहेच, 'उघडझाप'. संततधारेच्या बरोबर उलट. (रिपरिप वेगळी, ती बारीक असते, पण थांबत नाही.)

खरी गंमत तापाची. डॉक्टर ज्याला इंटरमिटंट फीवर म्हणतात, त्यात ताप मध्ये पूर्ण उतरून पुन्हा चढतो. नुसता कमी झाला पण उतरला नाही, तर तो रेमिटंट. व्हायवॅक्स जातीच्या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापात तापाची पाळी साधारण 48 तासांनी येते, मलेरिए जातीत 72 तासांनी. आयुर्वेदात यांच्याशी जुळणारी नावं आहेत, तृतीयक आणि चतुर्थक. पहिला दिवस धरून मोजायचं, म्हणून एक दिवस सोडून येणारा तो 'तृतीयक'. घरात आपण सरळ 'दिवसाआड ताप येतो' म्हणतो. अशा तापांना आयुर्वेदात 'विषमज्वर' म्हणत. पण आजच्या मराठीत विषमज्वर म्हणजे टायफॉइड, आणि त्यातला ताप सहसा असा पूर्ण उतरून चढत नाही. त्यामुळे भाषांतरात हा शब्द वापरूच नये.

'इंटरमिटंट फास्टिंग'साठी कुणी 'सविराम उपवास' लिहिलं की मला हसू येतं. रोज 16 तास उपाशी राहून उरलेल्या 8 तासांत खायचं, या प्रकाराला इंग्रजी नावच राहू द्यावं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं असेल तर चातुर्मासातलं 'धारणे-पारणे' अगदी चपखल बसतं.

यंत्रातल्या इंटरमिटंट बिघाडाला मात्र नाम शोधत बसू नये. 'मध्येच चालतं, मध्येच बंद पडतं' एवढं सांगितलं की मेकॅनिक आधी लूज कनेक्शनच तपासतो.