जेरी ब्राउन: सोळा वर्षांत केलं काय?

सॅक्रामेंटोकर
परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, की जेरी ब्राउन म्हणजे बापाच्या नावावर दोन खेपांत सोळा वर्षं गव्हर्नरची खुर्ची उबवलेला माणूस, कॅलिफोर्नियासाठी त्याने काडीचं काम केलं नाही. दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

बापाचं नाव होतंच. पॅट ब्राउन १९५९ ते १९६७ गव्हर्नर होते. पण मुलाने १९७५ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी शपथ घेतली आणि सरकारी बंगला नाकारला. भाड्याच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर गादी टाकून झोपायचा, साधी प्लिमथ गाडी वापरायचा. त्याच वर्षी शेतमजुरांना गुप्त मतदानाने आपली युनियन निवडायचा हक्क कायद्याने मिळाला. २०११ मध्ये परत आला तेव्हा बहात्तर वर्षांचा होता आणि तिजोरीत सुमारे २७ अब्ज डॉलरचा खड्डा होता. आधी खर्च कापला, मग २०१२ मध्ये प्रॉप ३० (प्रॉप म्हणजे प्रोपोझिशन, थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) घेऊन लोकांपुढे गेला: बड्या उत्पन्नावर जास्त आयकर, सगळ्यांवर पाव टक्का विक्रीकर. लोकांनी हो म्हटलं. २०१९ मध्ये गेला तेव्हा अडीअडचणीच्या निधीत सुमारे १४ अब्ज होते.

माझी बायको सरकारी शाळेत शिकवते. २०११ च्या मार्चमध्ये तिच्या हातात नोकरी जाण्याची नोटीस होती. तो उन्हाळा आम्ही कसा काढला ते आम्हाला माहीत. प्रॉप ३० नंतर तो गव्हर्नर असेपर्यंत तशी नोटीस परत आली नाही. याला काडीचं काम नाही म्हणायचं?

फ्रीमाँटवासी
असहमत. खड्डा बुजवला, पण खणायला सुरुवात कुणाच्या काळात झाली? १९७८ मध्ये राज्याकडे अब्जावधी डॉलर शिल्लक होते, घरपट्ट्या मात्र वर्षागणिक उड्या मारत होत्या आणि तुमचा काटकसरी गव्हर्नर पैसे दाबून बसला होता. लोक चिडले, जूनमध्ये घरपट्टीला लगाम घालणारं प्रॉप १३ पास झालं. याने आधी विरोध केला आणि निकाल लागताच इतक्या उत्साहाने अंमलात आणलं, की नोव्हेंबरात पुन्हा निवडून आला.

घरपट्टी खरेदी किमतीच्या एक टक्का, मूल्यांकनात वाढ वर्षाला फार तर दोन टक्के. २०१६ मध्ये मी अकरा लाख डॉलरला जुनं तीन बेडरूमचं घर घेतलं, पट्टी वरचे स्थानिक कर धरून तेरा हजार. शेजारचं घर त्याच नकाशाचं, मालक १९७७ चे, पट्टी अठराशे. रस्ता तोच, अग्निशमन दल तेच. शाळेचं फाउंडेशन दर सप्टेंबरला वर्गणी मागतं ते वेगळंच. दुसऱ्या खेपेला दोन्ही सभागृहांत पक्षाचं दणदणीत बहुमत होतं. तरी त्याने प्रॉप १३ ला हात लावला नाही.

सनीवेल १९७९
हे वाचून गप्प बसवेना. तुमचे ते अठराशेवाले शेजारी म्हणजे माझ्यासारखेच कुणीतरी. आम्ही काय चोरी केली?

मी १९७६ ला आलो. आमच्या अपार्टमेंटसमोर एक विधवा आजी राहायच्या. दोन वर्षांत त्यांची पट्टी जवळजवळ दुप्पट झाली. बिल घेऊन आमच्या हिच्याकडे यायच्या आणि स्वयंपाकघरात बसून रडायच्या. घर विकायचं ठरलं होतं, प्रॉप १३ मुळे वाचलं. मला तेव्हा मत नव्हतं, नाहीतर आनंदाने दिलं असतं. आणि १९७९ ला घर घेतलं तेव्हा व्याजदर अकरा टक्के होता. तुम्ही किती भरताय?

फ्रीमाँटवासी
काका, आजींना कोण विरोध करतंय? त्यांच्या आडोशाने ऑफिसं, गोल्फ क्लब, मॉलसुद्धा जुन्या दराने भरतात. २०२१ पर्यंत तर वारसांनाही तीच पट्टी मिळायची, मग ते तिथे राहोत की भाड्याने देऊन बाहेरगावी राहोत. व्याजाचं म्हणाल तर ते कर्ज फिटतं, माझी पट्टी कधी फिटणार? आणि मत मलाही नाही, ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं झाली.

सनीवेल १९७९
माझ्या मुलांचा विषय काढू नका.

फ्रेस्नोकर
घरपट्टीतून जरा बाहेर या. इकडे शेतीच्या सेंट्रल व्हॅलीत पाण्याचं बोला.

मी आटपाडीचा, टँकरच्या रांगेत वाढलो. १ एप्रिल २०१५ ला ब्राउन सिएरा नेवाडाच्या डोंगरांत बर्फ मोजायच्या जागी कोरड्या गवतावर उभा राहिला आणि शहरांच्या पाणीवापरात २५ टक्के कपात जाहीर केली. आम्ही अंगण वाळू दिलं. मुलीने लावलेलं लिंबाचं झाड भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवलं. रस्त्यापलीकडे बदामाच्या बागेत त्याच महिन्यात नवी बोअर खणत होते! शेतीला त्या कपातीतून सूट होती. भूजलाचा कायदा २०१४ मध्ये केला खरा, पण उपसा आटोक्यात आणायला मुदत २०४० पर्यंत. तोवर बागवाल्यांना खाली खाली जायला मोकळीक.

इतकं मात्र कबूल करतो, की त्याच्याआधी राज्यभराच्या भूजलाला हात घालायची हिंमत एकाही गव्हर्नरने केली नव्हती. माणदेशात असा कायदा कुणी कडकपणे राबवला असता, तर मी कदाचित इथे नसतो.

सॅक्रामेंटोकर
धागा माझा, आणि भांडण घरपट्टीवर. असो. १९७८ चं मान्य, ती शिल्लक आधीच लोकांना परत द्यायला हवी होती. पण प्रॉप १३ राज्यघटनेत आहे, बदल मतदारांकडूनच व्हावा लागतो. २०२० मध्ये फक्त व्यापारी मालमत्ता वगळायला प्रॉप १५ आणलं, तेही पडलं. मग एकट्या ब्राउनच्या नावाने खडे का फोडता?

फ्रीमाँटवासी
कारण त्याने मागून तरी बघायचं होतं. प्रॉप ३० साठी राज्य पालथं घातलं, यासाठी एक सभा नाही. तुमच्या घरातली नोटीस थांबली, चांगलं झालं. ते श्रेय त्याचंच.

सनीवेल १९७९
प्रॉप १५ ला मी हो म्हणून मत दिलं होतं. ऑफिसांनी भरावं, आमच्या हिलाही तेच वाटायचं. राहत्या घराला हात लावाल तर मात्र विरोधात उभा राहीन.