मदत हवी आहे: लोएसवरची उंचवट्याची शेतजमीन, मॉलिसॉल म्हणू की अल्फिसॉल?

खड्ड्यातला_मी:
नमस्कार मंडळी. मृदाशास्त्राचा विद्यार्थी आहे, खड्डा खणून मातीचं वर्णन करायचं आणि अमेरिकन सॉइल टॅक्सॉनॉमीप्रमाणे (मातीच्या वर्गीकरणाची पद्धत) पूर्ण नाव द्यायचं असं काम मिळालंय. वर्णन झालंय पण नावावर, म्हणजे मॉलिसॉल (वर जाड, गडद थर असलेली माती) की अल्फिसॉल (तसा थर नसलेली, पण खाली क्ले साठलेली), यावर गाडी अडलीये ती दोन दिवस अडलेलीच आहे.

जागा म्हणजे उंचवट्याचा माथा संपून उतार जिथे सुरू होतो तो खांदा, उतार ६ टक्क्यांच्या आसपास, शेत कित्येक वर्षं नांगराखाली. मूळ द्रव्य लोएस, म्हणजे सिल्टचा (वाळूपेक्षा बारीक, क्लेपेक्षा जाड कणांचा) साठा, ते बोटांनाच कळतं, ओली माती चोळली तर टाल्कम पावडरसारखी गुळगुळीत, वाळूची करकर जवळजवळ नाहीच. उडिक मॉइश्चर (माती वर्षातला बहुतेक काळ ओलसर), मेसिक तापमान (मध्यम तापमानाचा वर्ग). आता थर देतो (एपी म्हणजे नांगरटीचा वरचा थर, बीटी क्ले साठलेला, बीसी मधला, सी म्हणजे मूळ द्रव्य), रंग मनसेल तक्त्याचे आणि ओल्या मातीचे आहेत (१० वायआर ही छटा, पुढे व्हॅल्यू म्हणजे उजळपणा / क्रोमा म्हणजे रंगाची तीव्रता):

एपी, ० ते १९ सेंमी, १० वायआर ३/३, सिल्ट लोम, क्ले २४ टक्के, सेंद्रिय कर्ब १.३ टक्के, वर बारीक दाणेदार रचना आणि तळाशी ४-५ सेंमी थापीव पापुद्रे (नांगराचा तळ असणार). मधेमधे तपकिरी ढेकळं मिसळलेली.
बीटी१, १९ ते ४३, १० वायआर ४/४, सिल्टी क्ले लोम, क्ले ३१, मध्यम सबअँग्युलर ब्लॉकी.
बीटी२, ४३ ते ७८, रंग तोच, क्ले ३०.
बीसी, ७८ ते ११२, १० वायआर ५/४, क्ले २५, ९० च्या खाली राखाडी ५/२ ठिपके आणि भोवती गंजासारखे डाग.
सी, ११२ ते १५०, रचना नाही, क्ले २१, अॅसिड टाकलं तर फसफसत नाही.
वाळू सगळीकडे ४-५ टक्के. ऑगर (माती काढायचा गिरमिट) खाली ढकलला तर १७० च्या आसपास एकदम लालसर चिकट माती आणि तिच्यात खडे लागले.

प्रश्न तीन. मॉलिक एपिपेडॉनला (मॉलिसॉलचा तो गडद वरचा थर) १८ सेंमी जाडी लागते असं वाचलंय, माझी १९ आहे, म्हणजे मॉलिसॉल झालं ना? दुसरं, बीटीच्या ढेकळांवर चकाकी दिसते ती क्ले फिल्म (वाहून आलेल्या क्लेचा पातळ लेप) की माझ्या चाकूनेच घासून आलेली? तिसरं, ते राखाडी ठिपके म्हणजे निचरा वाईट म्हणायचा का?

ढेकूळराव:
वर्णन व्यवस्थित केलंय, आधी ते सांगतो, नाहीतर लोक "काळी माती आहे, नाव सांगा" एवढंच लिहून मोकळे होतात.

१८ ची गडबड इथे बऱ्याच जणांची होते. ती सवलत सगळ्यांना मिळत नाही. अर्जिलिक थर (वरून आलेली क्ले साठलेला, म्हणजे तुमचा बीटी) कुठे संपतो ते बघावं लागतं. तो ७५ सेंमीच्या वर संपत असेल तर तिथपर्यंतच्या जाडीचा एक तृतीयांश भाग गडद पाहिजे आणि तरी किमान १८ हवेतच. म्हणजे तुमचा बीटी ५४ ला संपला असता तर १८ मध्ये भागलं असतं. पण तो जातोय ७८ पर्यंत, आणि ७५ किंवा त्याखाली गेला की सरळ २५ सेंमी लागतात. तुमच्याकडे १९. गडदपणा बीटी१ मध्ये उतरला असता तर तोही जाडीत धरता आला असता पण तिथे ४/४ लिहिलंय, म्हणजे तो रस्ताही बंद.

आणि सुक्या मातीचा रंग दिलेला नाही तुम्ही. तो चुरून सपाट करून घ्यायचा असतो, अख्ख्या ढेकळाच्या पृष्ठभागावरून नाही. मॉलिकला ओल्यात व्हॅल्यू आणि क्रोमा दोन्ही ३ किंवा कमी, सुक्यात व्हॅल्यू ५ किंवा कमी. शिवाय किमान कर्ब ०.६ टक्के आणि बेस सॅच्युरेशन (मातीने धरलेल्या आयनांत कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरेंचा वाटा) ५० टक्के. रंग उन्हात बघा, संध्याकाळी पाच वाजता नको आणि गॉगल काढून बघा, हसू नका, मी स्वतः केलेलं आहे.

खड्ड्यातला_मी:
अरे बापरे, २५ ची भानगड मी वाचलीच नव्हती, तक्त्याची पहिली ओळ बघून पुढे गेलो. सुका रंग मी ढेकळावरूनच घेतला होता, परत करतो. म्हणजे आता ऑर्डरच (वर्गीकरणाची सर्वात वरची पातळी) बदलणार?

मातकट:
बदलणार, पण आधी अर्जिलिक सिद्ध तर होऊ दे. आकड्यात बसतंय, वरच्या थरात क्ले १५ ते ४० टक्क्यांच्या मधे असेल तर खालच्यात १.२ पट हवी, २४ चे होतात २८.८, तुझ्याकडे ३१ आहे. आणि ही वाढ ३० सेंमीच्या उभ्या अंतरात व्हायला हवी, तीही झालीये. पण नुसत्या आकड्यावर भागत नाही, क्ले वरून खाली वाहून आली याचा पुरावा लागतो.

चाकूची चकाकी ओळखायची तर चाकू लावूच नकोस. ढेकूळ हाताने नैसर्गिक फटीवर उकल आणि १० पटीच्या भिंगाने बघ. क्ले फिल्म मेणासारखी दिसते, आतल्या मातीपेक्षा रंगाने जरा गडद असते, आणि मुख्य म्हणजे मुळांच्या जुन्या भोकांत आणि गांडुळांच्या बिळांत आतून अस्तर लावल्यासारखी बसलेली असते, तिथे ना चाकू पोचतो ना दाब. दाबाने आलेली चकाकी असेल तर ढेकूळ मोडल्यावर आतला आणि बाहेरचा रंग सारखाच निघतो. सिल्टी मातीत फिल्म पातळ असतात, पहिल्या नजरेत दिसल्या नाहीत म्हणून लगेच बीडब्ल्यू (क्ले न साठलेला बी थर) लिहून टाकू नकोस.

अर्धवट_ज्ञानी:
मधेच विचारतो, माफ करा. लोएस म्हणजे नदीचा गाळच ना? मग तो उंचवट्यावर कसा काय?

ढेकूळराव:
तो वाऱ्याने आणलेला. हिमयुगात हिमनद्यांचं पाणी ज्या नद्यांतून वाहायचं त्यांची पात्रं पाणी ओसरल्यावर उघडी पडायची आणि वारा त्यातली बारीक सिल्ट उचलून शेजारच्या उंच जमिनीवर पसरायचा, म्हणून नदीपासून लांब जाल तसा थर पातळ आणि कण बारीक होत जातात. हिमनदीशी संबंध नसलेला, वाळवंटी प्रदेशाकडून आलेला लोएसही असतो. हे नाव १८२० च्या दशकात ऱ्हाइन खोऱ्यातल्या मातीवरून रूढ झालं, आणि हे काम वाऱ्याचं हे जर्मन भूगोलतज्ज्ञ रिश्टहोफेनने चीनमधला लोएस बघून १८७० च्या दशकात ठासून मांडलं. त्याआधी बरेच जण तुमच्यासारखंच पाण्याला श्रेय देत होते, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

निचरा:
राखाडी ठिपक्यांबद्दल मी सांगतो. क्रोमा २ किंवा कमी असलेले डाग ७५ सेंमीच्या आत असते आणि अॅक्विक परिस्थिती (पाणी साचून हवा न मिळणं) असती तर अॅक्विक सबग्रुपचा विचार केला असता. तुझे ९० च्या खाली आहेत, सोडून दे. आणि एक लक्षात ठेव, लोएसमधला राखाडीपणा आजच्या पाण्याचाच असेल असं नाही. जुन्या काळी पाणी साचून लोह निघून गेलेलं असतं आणि तो रंग तसाच राहतो, माती आता कोरडी असली तरी. तुझ्या गंजाच्या डागांत मुळांभोवती पोकळ नळ्यांसारखे कडक लोहाचे तुकडे आहेत का? अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या लोएसमध्ये असे सर्रास सापडतात, त्यांना पाइपस्टेम म्हणतात, आणि ते जुन्या ओलाव्याचे असतात.

१७० ची लाल माती वेगळ्या आकड्याने लिही, म्हणजे २बीटीबी वगैरे (२ म्हणजे दुसरं मूळ द्रव्य, शेवटचा बी म्हणजे गाडला गेलेला थर). वाळू आणि खडे एकदम वाढले म्हणजे मूळ द्रव्यच बदललं. लोएसखाली गाडली गेलेली जुनी माती असायची शक्यता बरीच. नावावर तिचा परिणाम नाही, खूप खोल आहे.

खड्ड्यातला_मी:
परत जाऊन आलो. चुरलेल्या मातीचा ओला रंग ३/३, सुका ५/३, कसाबसा बसला. मातकट ताई, भिंगाखाली भोकांत अस्तर स्वच्छ दिसलं, धन्यवाद! नळ्यापण सापडल्या, दोन खिशात आहेत. लॅबमधून बेस सॅच्युरेशन आलं, १४४ सेंमीला ८२ टक्के. बीटीचा सीईसी (आयन धरून ठेवायची क्षमता) २२.

आता माझी गोची अशी की नकाशात हा तुकडा मॉलिसॉल म्हणून दाखवलाय, "मध्यम धूप झालेला" असा शेरा मारून. मग मी नकाशा चुकीचा म्हणू का?

मातकट:
आधी नाव लावून टाकू. अर्जिलिक आहे, मॉलिक नाही, बेस सॅच्युरेशन अल्फिसॉलला लागणाऱ्या ३५ च्या बरंच वर, आणि तू मोजलंस पण योग्य खोलीला, अर्जिलिकच्या माथ्यापासून १२५ सेंमी खाली. म्हणजे अल्फिसॉल. उडिक म्हणून उडाल्फ, बाकी काही विशेष नाही म्हणून हॅप्ल्युडाल्फ. नांगरटीचा थर ओल्यात ३ आणि सुक्यात ५ च्या आत असल्याने सबग्रुप मॉलिक. फॅमिलीसाठी (सबग्रुपच्या खालची पातळी) अर्जिलिकचे वरचे ५० सेंमी, सरासरी क्ले साडेतीस, फाइन सँड आणि त्याहून जाड कण १५ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणून फाइन-सिल्टी. २२ भागिले ३०.५ म्हणजे ०.७२, ०.६० च्या वर, सुपरअॅक्टिव्ह. फाइन-सिल्टी, मिक्स्ड, सुपरअॅक्टिव्ह, मेसिक मॉलिक हॅप्ल्युडाल्फ. मिक्स्ड मी गृहीत धरलंय, खनिजांची तपासणी झाली नसेल तर तसं लिहून टाक.

ढेकूळराव:
नाव बरोबर आहे, आणि खरी गंमत इथेच आहे. आयोवात टामा, डाउन्स आणि फेयेट अशा तीन मृदा मालिका शिकवतात, तिन्ही लोएसवरच्या. टामा गवताळ रानाखाली झालेली, फेयेट जंगलाखाली, डाउन्स दोन्हींच्या मधली. टामा मॉलिसॉल, फेयेट अल्फिसॉल, आणि डाउन्स मॉलिक हॅप्ल्युडाल्फ, म्हणजे अगदी तुमचंच नाव. पण तुमच्या मातीवर कधी झाड होतं की नव्हतं हे नावावरून कळत नाही. मूळची ३०-४० सेंमीची काळी माती धुपून गेली आणि नांगराने खालचा तपकिरी बीटी वर ओढला तरी हेच नाव निघतं. तुमच्या एपीत तपकिरी ढेकळं आहेत म्हणून मला धूपच वाटतेय.

बीटीच्या वरच्या भागात ढेकळांवर सुकल्यावर पांढुरकी पिठूळ सिल्ट दिसते का बघा, ती जंगलाची खूण. उलट ढेकळांवर काळपट सेंद्रिय लेप आणि प्राण्यांची काळ्या मातीने भरलेली बिळं असतील तर गवताळ. आणि वर माथ्यावर सपाट जागी किंवा कुंपणालगत, जिथे नांगर गेला नाही, तिथे ऑगर टाका.

खड्ड्यातला_मी:
अपडेट. कुंपणालगत ऑगर टाकला, १० वायआर ३/२ रंग ३४ सेंमीपर्यंत! पिठूळ सिल्ट कुठेच नाही. माझ्या खड्ड्यात बीटी१ मध्ये मुठीएवढे दोन काळे गोल दिसले होते, ते मी दगड काढल्याची जागा समजून लिहिलेच नव्हते. दगड येणार कुठून लोएसमध्ये, हे आत्ता सुचतंय.

ढेकूळराव:
झालं तर मग. तीच बिळं. नकाशा चुकीचा म्हणायची गरज नाही, मालिकेच्या वर्गीकरणात थोडक्यासाठी न बसणाऱ्या अशा मातीला टॅक्सअॅडजंक्ट म्हणतात, वागणूक तीच म्हणून मालिकेचं नाव ठेवतात. अहवालात दोन्ही लिहा, खड्ड्याचं नाव मॉलिक हॅप्ल्युडाल्फ, आणि कुंपणालगत मॉलिक एपिपेडॉन ३४ सेंमी, बाकी अटी जुळल्या तर टिपिक आर्जिउडॉल (मॉलिसॉलचा प्रकार). मधल्या १५ सेंमीचं काय झालं ते उताराच्या पायथ्याशी जाऊन बघा, तिथे काळा थर गरजेपेक्षा जाड मिळेल.

खड्ड्यातला_मी:
पायथ्याला उद्या जातो. आणि हो, ती काळी बिळं वर्णनात कुठे लिहायची, बीटी१ च्या रंगात की वेगळी?

मातकट:
वेगळी. क्रोटोविना म्हणून आकार, रंग आणि किती टक्के ते लिही, बीटी१ चा रंग ४/४ च ठेव. आणि खड्डा बुजवताना काळी माती वर येईल असं बघ.