मेणबत्ती विझल्यावर ग्लासात पाणी चढतं ते नक्की ऑक्सिजन संपतो म्हणून का?

चिंगीची_आई:
नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे, पुढच्या शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन आणि आमच्या वाट्याला तो नेहमीचा प्रयोग आलाय, ताटलीत पाणी, मधोमध मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा. ज्योत विझते, पाणी आत चढतं. पुस्तकात लिहिलंय की हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, तो जळून जातो म्हणून पाणी एक पंचमांश चढतं, विषय संपला.

काल रात्री जेवणं उरकल्यावर ओट्यावर करून बघितलं. पाण्यात निळीचे दोन थेंब टाकले, दिसायला बरं. ग्लास १२ सेंमी उंच, पाणी चढलं अडीचच्या आसपास. १२ चे पाच भाग केले तर २.४, म्हणजे अगदी पुस्तकाबरहुकूम! मी खूश, म्हटलं चला तक्ता रंगवायला घेऊ. तर ही बया म्हणे तीन मेणबत्त्या लावून बघूया. लावल्या, पाणी साडेचारपर्यंत गेलं. आणि मग मला विचारतेय, आई ग्लास तोच, हवा तेवढीच, मग जास्तीचा ऑक्सिजन आला कुठून? मी म्हटलं झोप आता, साडेदहा वाजले. पण खरंच, आला कुठून?

मधली_सुट्टी:
अहो सोपंय, तीन ज्योती ऑक्सिजन जास्त जोरात ओढतात म्हणून आत पोकळी जास्त होते. आम्ही पण शाळेत हेच लिहिलंय आणि पूर्ण मार्क मिळालेत. जास्त खोलात जाऊ नका, परीक्षकांना एक पंचमांशच ऐकायचं असतं.

जुना_फिटर:
मार्क मिळाले म्हणून ते बरोबर होत नाही हो. मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, तिने पुस्तकाची बरोबर दुखरी नस पकडली.

पहिली गोष्ट, ज्योत सगळा ऑक्सिजन संपवतच नाही. हवेत तो साधारण २१ टक्के असतो आणि १६ च्या आसपास आला की मेणबत्ती गुडघे टेकते, म्हणजे वापरला जेमतेम पाच टक्के. दुसरी गोष्ट, जो वापरला तो काही गायब होत नाही, मेण जळताना दर तीन ऑक्सिजनमागे साधारण दोन कार्बन डायऑक्साइड आणि दोन पाण्याची वाफ असा हिशोब बसतो. वाफेचं पाणी होऊन काचेला लागतं (ग्लास आतून धुरकट झाला असेल बघा) पण कार्बन डायऑक्साइड आतच राहतो, पाण्यात विरघळतो म्हणतात पण तेवढ्या पाच-दहा सेकंदात फार नाही. म्हणजे ऑक्सिजनच्या खात्यात पाच गेले आणि सव्वातीन परत आले, निव्वळ घट दीड-दोन टक्के. तुमच्या ग्लासात ते धरून चाला पाव सेंटीमीटर.

मग बाकीचं पाणी कशाने चढलं? उष्णतेने. ग्लास ज्योतीवर आणता तेव्हाच आतली हवा तापून फुगते आणि त्यातली बरीचशी ग्लास टेकायच्या आधीच खालून निघून जाते. ज्योत विझली की उरलेली थंड होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. तीन मेणबत्त्या म्हणजे जास्त ताप, जास्त हवा बाहेर, जास्त पाणी आत. आता गंमत बघा, खोलीत २७ अंश असेल आणि आतली हवा सरासरी १०० अंशांपर्यंत तापली असेल तर थंड होताना ती जवळपास वीस टक्के आकसते (दोन्ही अंशांत २७३ मिळवून केल्विन करा आणि ३०० भागिले ३७३ करून बघा). म्हणजे एक पंचमांश! योगायोगाने आकडा जुळतो आणि पिढ्यानपिढ्या तेच छापलं जातं.

खात्री करायची तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. ग्लासाच्या काठाखाली दोन नाणी ठेवा म्हणजे ये-जा मोकळी राहील. ग्लास टेकला की सुरुवातीला काठाकडून बुडबुडे बाहेर येताना दिसतील, आणि पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर धावतं. ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असतं तर ज्योत जळत असताना हळूहळू चढायला हवं होतं ना.

पाणकावळा:
फिटरसाहेब एकदम बरोबर. आमच्या आजीला हे विज्ञान न शिकता माहीत होतं, पाठ धरली की ती तुंबडी लावायची, पेल्यात कापूर पेटवून पेला पाठीवर पालथा, थोड्या वेळाने कातडी आत ओढून पुरीसारखी फुगलेली. इथे पाणी चढतं, तिथे पाठ चढते, एवढाच फरक.

आणि हा प्रयोग आजचा नाही बरं का. बायझँटियमच्या फिलो नावाच्या ग्रीक माणसाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात असाच लिहून ठेवलाय. म्हणजे ऑक्सिजन सापडायच्या दोन हजार वर्षं आधीपासून लोक याचं चुकीचं कारण सांगतायत.

एक आगाऊ खोड काढतो, चिंगीने तीन मेणबत्त्या ठेवल्या म्हणजे त्या मेणाने पण आतली जागा खाल्ली, मग तेवढंच पाणी आलं तरी उंच दिसणार. प्रदर्शनात कोणी चिकट परीक्षक आला तर हेच विचारेल. दोन्ही वेळा तीनच उभ्या ठेवा, एकदा एक पेटवा, एकदा तिन्ही. आणि एकदा मेणबत्ती अजिबात न पेटवता हेअर ड्रायरने ग्लास आतून गरम करून पालथा घाला. (उकळत्या पाण्याने विसळू नका, वाफ राहिली तर पाणी तिच्यामुळेही चढेल, परत गोंधळ. पातळ काचेचा ग्लास तर नकोच, माझा एक तडकलाय.)

मधली_सुट्टी:
बरं हरलो 😅 पण मग हवेत ऑक्सिजन एक पंचमांश हे पोरांना दाखवायचं कशाने?

जुना_फिटर:
गंजाने. लेथवाल्याकडून चिमूटभर लोखंडाचा कीस आणा, तेलकट असेल तर साबणाने धुवा. अरुंद उभा ग्लास किंवा परीक्षानळी आतून ओली करून कीस भुरभुरवा, भिंतीला चिकटतो, मग पाण्यात पालथी उभी करून दोन-तीन दिवस विसरून जा. गंज ऑक्सिजन खातो, बदल्यात वायू सोडत नाही आणि तापवातापवी काही नाही, त्यामुळे इथे चढलेलं पाणी खरंच एक पंचमांशाच्या जवळ जातं. भांड्यांची स्टीलची घासणी घेऊ नका, ती गंजत नाही, आठवडाभर बघत बसाल.

लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानेही अठराव्या शतकात अशीच चिकाटी दाखवली होती, त्याने बंद हवेत पारा सलग १२ दिवस तापवत ठेवला, ५० घनइंच हवेची ४२-४३ झाली. मेणबत्ती फुंकून दोन मिनिटांत निष्कर्ष काढला नाही.

चिंगीची_आई:
सगळ्यांना थँक्यू, रविवार पूर्ण यात गेला. तीन उभ्या ठेवून एकच पेटवली तर पाणी २.७, तिन्ही पेटवल्या तर ४.६, म्हणजे मेणाच्या जागेचा फरक आहे पण अगदी थोडा. हेअर ड्रायरने जेमतेम एक सेंमी आलं पण आलं, ज्योत नसताना आलं, चिंगी अक्षरशः नाचली. बुडबुडे पण व्हिडिओत स्वच्छ दिसतात. तिने स्वतःच अजून एक केलं, ग्लास ज्योतीवर दहा सेकंद धरून मग टेकवला, तर पटकन टेकवण्यापेक्षा पाणी जास्त.

मात्र तिच्या सरांना दाखवलं तर ते म्हणाले पुस्तकातलं पण लिही, नाहीतर परीक्षक गोंधळतील. ती म्हणे दोन तक्ते करते, एकावर "पुस्तक काय म्हणतं" आणि एकावर "आमचा ग्लास काय म्हणतो". करू दे.

लोखंडाच्या किसाचा ग्लास खिडकीत ठेवलाय, आज दुसरा दिवस, पाणी दीड सेंमीच्या वर आलंय. सासूबाईंनी दोनदा विचारून झालं की हा गंजका ग्लास घासायला टाकू का. त्यावर चिठ्ठी चिकटवलीये आता.