उत्पादक छोटा आहे म्हणून त्याला जाब विचारायचाच नाही का?

राशीमेघ

ग्लायडरसाठी, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानासाठी, व्हेरिओ (चढ-उताराचा वेग दाखवणारे उपकरण), उड्डाण-संगणक आणि लॉगर (उड्डाणाची नोंद ठेवणारे यंत्र) बनवणाऱ्या कंपन्या मूठभर माणसांच्या असतात, त्यामुळे उशीर आणि बिघाड यांबद्दल कुरकुर करण्यापेक्षा वैमानिकांनी त्यांचे आभार मानावेत, आणि तसेही बहुतेक दोष वैमानिकाने स्वतः जोडलेल्या नळ्यांत व तारांत असतात, असे लांबपंख यांनी परवा लिहिले. ते वाचून दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही.

माझ्या उड्डाण-संगणकाचा पडदा हवेत तासाभराने काळा पडत असे. उपकरण परत पाठवले, पाच आठवड्यांनी आले, सोबत एका ओळीची चिठ्ठी होती : दोष आढळला नाही. पुन्हा पाठवले, पुन्हा तीच चिठ्ठी. तिसऱ्या वेळी मी फोनच ठेवायला तयार नव्हतो, तेव्हा तिथल्या अभियंत्याने सांगितले की त्या खेपेतील उपकरणांमध्ये पडद्याच्या चपट्या केबलचा जोड थंडीत सैल होतो आणि ही गोष्ट त्यांना आदल्या वर्षापासून ठाऊक आहे. टेबलावर, उबदार खोलीत, तो दोष त्यांना कधीच दिसणार नव्हता, आणि हेही त्यांना ठाऊक होते. शिवाय त्याच कंपनीचा व्हेरिओ नियंत्रणाची दांडी मागे ओढली की प्रत्येक वेळी खोटी चढ दाखवतो, त्याबद्दलच्या माझ्या दोन पत्रांना आजतागायत उत्तर नाही.

दोष असू शकतो, पाच आठवडेही लागू शकतात. पण ठाऊक असलेला दोष ग्राहकापासून लपवून त्याचा अर्धा हंगाम वाया घालवणे हा कंपनी लहान असण्याचा परिणाम नाही. खरे सांगायला दहा माणसे लागत नाहीत.

लांबपंख

माझे म्हणणे तुम्ही बरेच सोपे करून मांडले आहे. या उपकरणांतला पडदा, दाबाचे संवेदक, जीपीएसचा मॉड्यूल, हे सगळे भाग दुसऱ्याच उद्योगांसाठी लाखोंच्या संख्येने बनतात आणि त्या उद्योगांची गरज संपली की बंद होतात. मग ग्लायडरवाल्या उत्पादकाला उरलेला साठा तरी विकत घ्यावा लागतो, नाहीतर नवा भाग बसवण्यासाठी अख्खा बोर्ड नव्याने आखावा लागतो. पॅनेलमधली भोके मात्र तीच राहतात, ५७ मिलिमीटर आणि ८० मिलिमीटर, आणि तीस वर्षांपूर्वीच्या भोकात आजचे उपकरण बसले पाहिजे, अशी आपलीच अपेक्षा असते.

दुसरे, अनुभवाचेच बोलायचे तर माझाही ऐका. माझा संगणक हवेत अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असे आणि मी उत्पादकाला नाही नाही ते लिहिले होते. शेवटी लक्षात आले की रेडिओचे बटण दाबले की हे घडते. बॅटरीजवळच्या फ्यूजच्या खोबणीत गंज चढला होता, रेडिओने प्रक्षेपणासाठी जास्त प्रवाह ओढला की तिथे व्होल्टेज पडत असे आणि संगणक दम तोडत असे. दोष पूर्णपणे माझा होता. त्या माणसांनी माझी ती पत्रे वाचून सुद्धा सभ्यपणे उत्तरे दिली होती, हे मी विसरू शकत नाही.

सोल्डर

मी बरीच वर्षे ग्लायडरमध्ये उपकरणे बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो. राशीमेघ, पडद्याबद्दल तुमचे शंभर टक्के बरोबर आहे, पण व्हेरिओची तक्रार मला पटत नाही.

१६० किलोमीटर वेगावरून १०० वर येताना ग्लायडर वेगाच्या बदल्यात सुमारे ६० मीटर उंची मिळवते. ही चढ हवेने दिलेली नसते, आणि ती वजा करण्यासाठीच टोटल एनर्जी प्रोब, म्हणजे हवेचा दाब टिपणारी बाहेरची नळी, असतो. वेग वाढेल तसे त्याच्या टोकाशी स्थिर दाबापेक्षा नेमके गतिज दाबाइतके कमी दाब निर्माण होतो आणि हिशेब जुळतो. पण प्रोब बसतो शेपटीच्या उभ्या पंखावर, आणि व्हेरिओ असतो नाकाजवळ. मधल्या कित्येक मीटरच्या नळीत कुठेही केबिनमधली हवा शिरली की भरपाई अपुरी पडते आणि दांडी ओढताच व्हेरिओ आनंदाने ओरडू लागतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत बहुतेक वेळा प्रोबच्या खोबणीतली ओ-रिंग (हवा अडवणारे रबरी कडे) सुकलेली किंवा चिरलेली निघते. प्रोब दर वेळी काढताना-घालताना तिच्यावर ग्रीसचे बोट कोणी फिरवत नाही.

प्रोबच्या टोकाला इंजेक्शनची सिरिंज लावा आणि अगदी हळू ओढा, जोरात ओढल्यास संवेदक निकामी होईल. काटा वर जाऊन शून्यावर येऊन थांबला पाहिजे. ओढ धरून ठेवली असताना तो शून्याच्या खाली उतरला, तर नळीत गळती आहे. ही चाचणी न करता उत्पादकाला पत्र लिहिणे मला रास्त वाटत नाही.

डोंगरलाट

तुम्ही सगळे दुरुस्त होऊ शकणाऱ्या वस्तूंबद्दल बोलत आहात. बिल्ले आणि विक्रमांसाठी पुरावा म्हणून लागणाऱ्या मोहोरबंद लॉगरचे काय?

डोंगराच्या पलीकडे उठणाऱ्या हवेच्या लाटेत मी ५००० मीटरहून अधिक उंची मिळवली, म्हणजे डायमंड बिल्ल्यासाठी पुरेशी. खाली उतरल्यावर फाइल तपासली तर तिच्यात फेरफार झालेला नाही हे सिद्ध करणारी डिजिटल स्वाक्षरी अवैध. माझ्या लॉगरमध्ये आतली छोटी बॅटरी सुरक्षेची किल्ली, म्हणजे ही स्वाक्षरी करणारा गुप्त संकेत, जिवंत ठेवते. हिवाळ्यात ग्लायडर ट्रेलरमध्ये पडून असताना ती बॅटरी संपली आणि किल्ली पुसली गेली. पेटी स्वतः उघडली तरी आतला सूक्ष्म स्विच तेच करतो. किल्ली पुन्हा घालण्याचा अधिकार उत्पादकाला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला, आणि तो उत्पादक तोवर धंदा बंद करून गेला होता. यंत्र आजही उत्तम चालते, एकूण एक बिंदू नोंदवते, आणि कागदोपत्री त्याची किंमत शून्य आहे. हे उड्डाण मी आयुष्यात पुन्हा करू शकेन की नाही, हे मला ठाऊक नाही.

किल्ली

म्हणूनच मी वर्षानुवर्षे सांगतो की बंद पेटीवर विश्वास ठेवण्याची पद्धतच चुकीची आहे. एक्ससीसोअर हे उड्डाण-संगणकाचे सॉफ्टवेअर पाहा, त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे आणि ते पुस्तके वाचण्याच्या साध्या कोबो वाचकावरही चालते. मूळ लेखक उद्या निघून गेले तरी कोड राहतो आणि दुसरा कोणीतरी तो पुढे नेतो. ६ एप्रिल २०१९ ला जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीअंक १०२४ आठवडे पूर्ण होऊन शून्यावर आला, तेव्हा काही जुने लॉगर जूनमधले उड्डाण ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९९ मधले म्हणून नोंदवू लागले. ही तारीख कित्येक वर्षे आधी ठाऊक होती, आणि तेच २१ ऑगस्ट १९९९ ला एकदा घडूनही गेले होते. कोड खुला असता, तर कोणीही दोन ओळी बदलून ते दुरुस्त केले असते.

सोल्डर

दोन ओळी कोणी बदलू शकत नाही, हाच मोहोरबंद लॉगरचा हेतू आहे! जो दोन ओळींत तारीख बदलू शकतो, तो दोन ओळींत उंचीही बदलू शकतो. विक्रमाला अर्थ हवा असेल, तर कुठेतरी कुलूप हवेच.

किल्ली

कुलूप आणि गुप्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वाक्षरीची किल्ली गुप्त ठेवा, बाकी सगळा कोड उघडा करा. बँकांचे व्यवहार अशाच जाहीर पद्धतींवर चालतात. तुम्ही ज्याला कुलूप म्हणता, ते खरे तर उत्पादकाची मक्तेदारी आहे.

लांबपंख

हा आरोप मला मुळीच मान्य नाही आणि त्याचा मला राग आला आहे. ज्याने स्वतःच्या घराच्या एका खोलीत तीस वर्षे सोल्डरिंग केले, त्याला तुम्ही मक्तेदार म्हणता? खुल्या कोडवाल्यांना रात्री नऊ वाजता, दुसऱ्या दिवशी स्पर्धा असताना, फोन करून पाहा. मी केला आहे त्या 'मक्तेदारा'ला, आणि त्याने फोन उचलला होता.

डोंगरलाट

आणि माझा फोन उचलायला कोणीच उरले नव्हते, लांबपंख. तुमचा माणूस भला होता यात मला शंका नाही. पण भला माणूस म्हातारा होतो, आजारी पडतो, आणि त्याच्याबरोबर शेकडो लोकांची उपकरणे निकामी होतात, कारण आकृत्या आणि कोड त्याच्याच कपाटात असतात. सिल्व्हर आणि गोल्ड बिल्ल्यांसाठी मोहोर नसलेले साधे पोझिशन रेकॉर्डर चालतात, पण डायमंडसाठी नाही. म्हणजे जिथे उड्डाण सर्वांत मोलाचे, तिथेच आपण एका माणसाच्या कपाटावर सर्वांत जास्त अवलंबून.

सोल्डर

हे मला नाइलाजाने मान्य करावे लागेल. धंदा बंद करताना आकृत्या आणि किल्ली घालण्याची सामग्री दुसऱ्या कोणाच्या तरी हाती सोपवण्याची अट लॉगरला मान्यता देतानाच घालता येईल. मोहोर राहू द्या, ती एकाच घरात अडकायला नको, एवढेच. किल्ली यांचे बाकीचे म्हणणे मला अजूनही पटलेले नाही.

लांबपंख

अशी अट घातली, तर लहान उत्पादक लॉगर बनवणेच सोडून देतील, ही माझी भीती कायम आहे. पण राशीमेघ यांच्या मूळ मुद्द्याबाबत एक गोष्ट कबूल करतो. ज्या खेपेत दोष सापडला, तिचे क्रमांक संकेतस्थळावर टाकायला अर्धा तास लागतो. तो न देण्याचे समर्थन मी करू शकत नाही, आणि परवाच्या लेखात मी ते केले असेल, तर तिथे माझे चुकले.

राशीमेघ

आज सकाळी सिरिंज लावून पाहिली. काटा वर गेला, शून्यावर आला आणि तिथून हळूहळू खाली उतरत राहिला. प्रोबच्या खोबणीतली ओ-रिंग एका बाजूने चिरलेली निघाली. नवी बसवल्यावर काटा शून्यावर ठाम राहिला. व्हेरिओबद्दल मी लिहिलेले शब्द मागे घेतो, आणि कंपनीलाही तसे कळवले आहे.

पडद्याबद्दलचा एकही शब्द मागे घेत नाही. त्याच पत्रात मी त्या खेपेचे क्रमांक जाहीर करण्याची मागणी केली आहे आणि लांबपंख यांचा वरचा परिच्छेद त्यांच्या नावासह जोडला आहे. त्यांना हरकत असेल तर त्यांनी सांगावे. उत्तर आले की इथे लिहीन.

लांबपंख

हरकत नाही.